इंजिन बंद करण्याआधी

नवरा गेला त्याला वर्ष होत आलं, तरी माझा राग शमलेला नाही. मरणावर नाही तो. त्याच्या ट्रॉलरचं इंजिन ज्याच्या हातात गेलं, त्या माझ्या धाकट्या दिरावर आहे.

इंजिन टर्बोचं. त्याची इंग्रजी पुस्तिका मीच नवऱ्याला मराठीत वाचून दाखवली होती. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं; त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं, म्हणून ताकद वाढते. दांडा भयंकर वेगाने फिरतो आणि त्याला आधार असतो तेलाच्या पातळ थराचा. इंजिन थांबलं की तेलाचा पुरवठाही थांबतो, पण चक्र तापलेलंच असतं, फिरतही असतं. मग आतलं तेल करपतं. म्हणून नवरा जेटीला लागल्यावर इंजिन मंद चालू ठेवून चार-पाच मिनिटं थांबायचा. तेल आणि हवेचा फिल्टर वेळेवर बदलायचा.

लोक हसायचे. "काय रे, बसून इंजिनाक पान-सुपारी देतंस?"

"देतंय. तुका व्हयी काय?"

दिराला थांबणं ठाऊक नाही. आधी पोचलेल्या मासळीला लिलावात चांगला भाव, म्हणून तो भरवेगात आत शिरतो आणि धक्क्याला टेकताच चावी फिरवतो. मी त्याला समजावलं, पुन्हा पुन्हा.

"वयनी, पुस्तक वाचून ट्रॉलर चलता काय?"

पुढे इंजिन काळा धूर ओकू लागलं, ताकद गेली, शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दिराने काय करावं? देवळात गाऱ्हाणं घातलं. सगळं घर हात जोडून उभं. "काय चुकला-माकला आसात तर सांभाळून घे महाराजा!" सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" काय चुकलं ते मी घरात बसून सांगत होते, आणि हे देवाला विचारत होते.

त्याच आठवड्यात टर्बो भर समुद्रात निकामी झाला. दुसऱ्या ट्रॉलरने आमचा ओढून आणला. वेंगुर्ल्याहून आलेल्या मेकॅनिकने टर्बो उघडला, दांड्यावरून बोट फिरवून काळं दाखवलं. "आल्याआल्या बंद करतास मां?"

"नाय," दीर म्हणाला. माझ्यासमोर.

नवा टर्बो बसला. बायकांनी ट्रॉलरवर चढायचं नाही, ही आमच्या घरची रीत. पहिल्या फेरीहून दीर परतला तेव्हा मी जेटीवर टोपलीवाल्या बायकांत उभी होते. ट्रॉलर टेकताच चढले, केबिनमध्ये शिरले आणि त्याला कोपराने बाजूला सारून चावीवर हात ठेवला.

"वयनी, उतर आधी! लिलाव सुरू झालो!"

"बोंबल. चावी तुझ्या हाताक लागाची नाय."

खाली कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, हिचं डोकं फिरलं नवऱ्यामागे. फिरलं असेल. दीर पाय आपटत मासळी उतरवायला गेला. पायांखाली इंजिन मंद धडधडत होतं. पुरेसा वेळ गेल्यावर चावी मीच फिरवली.