लिफ्टवालीचा जिनेवाला

आमच्या इमारतीत सातव्या मजल्यावर ते दोघं राहायला आले, तेव्हा त्यांच्याकडे सामान असं फारसं नव्हतंच. एक गादी, दोन खुर्च्या, भांड्यांचं एक खोकं आणि अवजारांची एक लोखंडी पेटी. पेटी इतकी जड, की आत काय आहे म्हणून टेम्पोवाल्याने तीनदा विचारलं. पेटी बायकोची होती. ती लिफ्ट दुरुस्त करायची. शहरातल्या बत्तीस इमारतींच्या लिफ्ट तिच्याकडे होत्या आणि त्यातली एखादी कुरकुरायला लागली, की ही खांद्याला पिशवी अडकवून निघायची. नवरा केकच्या दुकानात होता. केक भाजायचं काम दुसऱ्यांचं. हा त्यावर क्रीमने फुलं काढायचा आणि नावं लिहायचा.

सामान लिफ्टने वर गेलं, बायको लिफ्टने वर गेली आणि नवरा जिन्याने. मला वाटलं, जागा नसेल. पण दुसऱ्या दिवशीही तो जिन्यानेच, तिसऱ्या दिवशीही. मी चौथ्या मजल्यावर राहते. माझ्या दारापर्यंत येईतो त्याचा अगदी भाता झालेला असायचा. शेवटी मीच दाराबाहेर एक स्टूल ठेवलं. आठवड्याभरात सगळी इमारत त्याला ‘जिनेवाले’ म्हणायला लागली आणि तोही त्या नावाला ओ द्यायला लागला.

कारण त्याने स्टुलावर बसूनच सांगितलं. लहानपणी लपाछपी खेळताना तो कपाटात लपला, बाहेरून कडी पडली आणि भावंडं खेळ विसरून जेवायला बसली. तेव्हापासून आपोआप दार लागणारा कुठलाही डबा बघितला, की त्याला घाम फुटायचा. हे लग्नाआधी तिला सांगितलं होतंस का, असं मी विचारलं.

“सांगितलं ना,” तो म्हणाला. “ती म्हणाली, मी दिवसभर लिफ्टमध्येच असते. घरी तरी कुणी वेगळं भेटायला हवं.”

त्यांची ओळख झाली तीही एका चुकीमुळे. तिच्या वर्कशॉपचे फोरमन निवृत्त होणार होते. माणूस भलता कडक. त्यांच्यासाठी केक सांगायला ती दुकानात गेली आणि ‘सुटलात एकदाचे’ असं लिहून द्या म्हणाली. याने घाईघाईत लिहिलं, ‘सुटलो एकदाचे’. फोरमननी सगळ्या वर्कशॉपसमोर झाकण उघडलं, मजकूर मोठ्याने वाचला आणि हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी ती तक्रार करायला दुकानात गेली. ती तक्रार तासभर चालली, पुढच्या आठवड्यात पुन्हा चालली आणि आठ महिन्यांनी त्यांनी लग्न केलं.

दुकानाचा नियम होता, की चुकलेला केक लिहिणाऱ्याने घरी न्यायचा. त्यावर या दोघांनी आपला नियम जोडला: केकवर जे लिहिलं असेल ते साजरं करायचं. एकदा ‘काका’च्या जागी ‘मामा’ पडलं आणि ‘कंबर बरी झाल्याबद्दल अभिनंदन, मामा’ असा केक घरी आला. दोघांनी तिच्या मामांना फोन लावला. मामांची कंबर कधी दुखलीच नव्हती. पण एवढी चौकशी कुणी केली नव्हती, म्हणून ते इतके खूश झाले, की फोनवरच वाकून दाखवू लागले. ‘वाढदिवसाच्या मार्मिक शुभेच्छा’ आला, तेव्हा दोघांनी जेवण होईपर्यंत एकमेकांना फक्त टोमणे मारायचे असं ठरलं आणि तिने पहिल्या पाच मिनिटांतच त्याला गारद केलं. ‘पहिला दात आला, अभिनंदन’ हा केक मात्र थेट माझ्या घरी आला, कारण त्याच आठवड्यात मी एक दात बसवून घेतला होता. मी नवा दात दाखवत केक कापला आणि त्या दोघांनी टाळ्या वाजवल्या. साठी ओलांडलेल्या बाईने इतकं हसू नये, पण हसले.

हे असं चाललेलं असताना वर्कशॉपमध्ये तिची चेष्टा सुरू झाली. लिफ्टवालीचाच नवरा लिफ्टमध्ये बसत नाही म्हणजे लिफ्टमध्येच काहीतरी काळंबेरं असणार, असं लोक म्हणायचे. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. तिला त्यातून कल्पना सुचली. दर रविवारी एक मजला. सात आठवड्यांत घरी पोचशील, असं तिने त्याला सांगितलं.

पहिल्या रविवारी तो नुसता आत उभा राहिला, दार उघडंच. तिने त्याला एकेक बटण समजावून सांगितलं, वरचे दोर किती जाड असतात ते बोट धरून दाखवलं, एक दोर तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात हे सांगितलं. तो घामाने भिजून बाहेर आला. दुसऱ्या रविवारी तळमजल्यावरून पहिल्यावर. तिने त्याला सांगितलं, की मनात काहीतरी म्हणत राहा. त्याला सतराचा पाढा तेवढा आठवला आणि तोही मनात नव्हे तर मोठ्याने. दार उघडलं तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या सगळ्यांनी ‘सतरा चोक अडुसष्ट’ ऐकलं. हळूहळू रविवारी सकाळी लोक आपापल्या मजल्यावर दारात उभे राहायला लागले. चौथा मजला आला तेव्हा मी नवी साडी नेसून उभी होते. लिफ्ट थांबली, हा बाहेर आला, माझ्या स्टुलाकडे बघून हसला आणि सवयीने त्यावर बसला.

पण गाडी चौथ्यावरच अडली. पाचव्याला बोट लावलं, की त्याचा चेहरा उतरायचा. शिवाय जे काही जमत होतं ते ती शेजारी असली तरच. एकट्याने तो लिफ्टच्या वाटेला जाईना. तीन रविवार असेच गेले. तिने घाई केली नाही. त्या तीन रविवारी ते पहिल्यावरून चौथ्यावर आणि चौथ्यावरून पहिल्यावर नुसते ये-जा करत राहिले, मधल्या मजल्यांवर शेजाऱ्यांना हात हलवत.

मग एका बुधवारी त्याची आई आली. न कळवता, हातात मोठी पिशवी आणि दोन्ही गुडघ्यांना पट्टे. त्याची सुट्टी होती, बायको मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर. आईंनी खालून फोन केला तसा तो धावत खाली गेला. लिफ्टकडे बघून आई म्हणाल्या, “त्या डब्यात मी पाऊल टाकणार नाही.” आणि निघाल्या जिन्याने. पहिल्या मजल्यावर पोचल्या आणि तिथेच पायरीवर बसल्या. गुडघे पुढे जाईनात, मागेही जाईनात. त्याने मला हाक मारली. मी स्टूल घेऊन खाली गेले.

त्याने बायकोला फोन लावला. ती कुठल्याशा लिफ्टच्या छतावर उभी होती, वारा फोनमध्ये घोंघावत होता. तरी तिचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

“लिफ्ट ठणठणीत आहे, कालच मी स्वतः बघितलीय. मी यायची वाट बघू नकोस. आईंना तूच ने.”

त्याने फोन खिशात ठेवला. मग माझ्याकडून स्टूल घेतलं, लिफ्टमध्ये मधोमध मांडलं आणि आईंना हाताला धरून त्यावर बसवलं. मी मागे शिरले. त्याने आईंना एकेक बटण समजावलं. दोर किती जाड असतात ते बोट धरून दाखवलं. एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात, हे सांगताना त्याचा आवाज थोडा कापला, पण आईंच्या लक्षात आलं नाही. त्यांनी डोळे गच्च मिटले होते.

“आई, सतराचा पाढा म्हणू या,” तो म्हणाला आणि त्याने सातचं बटण दाबलं.

दोघं पाढा म्हणू लागले. ‘सतरा सक’ला तो अडखळला, तशी आईंनी डोळे न उघडताच त्याची चूक दुरुस्त केली. चौथा मजला गेला, पाचवा गेला. पाढा संपायच्या आत दार उघडलं आणि समोर त्यांचं घर होतं. आई बाहेर आल्या. तो आतच उभा, तोंड उघडं. मग मीच आईंना सांगितलं, की तुमचा मुलगा पहिल्यांदाच इथवर लिफ्टने आलाय, आणि कपाटाची ती सगळी गोष्ट सांगितली.

आईंनी पिशवी खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, “कडी पडली नव्हती रे. मी लावली होती. कपाट उघडं दिसलं, लावून टाकलं. तू आत होतास हे जेवणं झाल्यावर कळलं. इतकी वर्षं सांगायचा धीरच झाला नाही.”

मला वाटलं, आता हा रागावणार. त्याने आईंकडे बघितलं, लिफ्टकडे बघितलं आणि बाहेर येऊन, जिन्यावर बसून पोट धरून हसायला लागला. आईंना आधी रडू आलं, मग त्याही हसू लागल्या. त्यानंतर चार दिवस त्या लिफ्टने नुसत्या खालीवर करत होत्या. कुणाकडे काम नसलं तरी उतरायच्या, चहा प्यायच्या, पुढच्या मजल्यावर जायच्या.

पण त्या बुधवारी संध्याकाळीच बायको कामावरून आली आणि तिने खाली बटण दाबलं. लिफ्ट आली, दार उघडलं, तर आत नवरा एकटा. तिच्या खांद्यावरची पिशवी खाली पडली. ती आत शिरली आणि तिने सगळ्या मजल्यांची बटणं दाबली. प्रत्येक मजल्यावर दार उघडत होतं, लोक टाळ्या वाजवत होते आणि हे दोघं लग्नातल्यासारखे सगळ्यांना नमस्कार करत होते. पिशवी खालीच राहिली होती. ती मी नंतर वर नेऊन दिली.

महिन्याभराने तिने एका नव्या बावीस मजली इमारतीची लिफ्ट तपासून पूर्ण केली. लोक राहायला यायचे होते त्या रविवारी सकाळी ती त्याला घेऊन गेली. पुढचं तिने मला सांगितलं, आणि सांगताना हसू आवरायला तिला मध्येमध्ये थांबावं लागत होतं.

तो वरपर्यंत कशालाही न धरता गेला. गच्चीवर असा वारा, की तिची टोपी उडाली आणि तो चार वेळा टोपीमागे धावला. आमची इमारत काडेपेटीएवढी दिसत होती. मग खाली यायची वेळ झाली, तर हा म्हणाला, “चालत जाऊ या.”

“आता का?”

“मला सवय आहे. तुला जमतंय का बघू.”

सगळा जन्म लिफ्टच्या आसपास घालवलेली ती बाई सलग तीन जिने कधी उतरली नव्हती. सोळाव्यापर्यंत ती ऐटीत उतरली. बाराव्यावर पाय लटपटायला लागले. नवव्यावर ती बसली आणि हा तिला टाच कशी टेकवायची, श्वास कुठे घ्यायचा, असे धडे देऊ लागला. शेवटी दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी आडवी उतरत ती खाली पोचली. पहारेकऱ्याने लिफ्टवालीलाच जिन्याने येताना बघितलं आणि काळजीने विचारलं, की लिफ्ट बंद पडली का. दोघांना हसण्यामुळे उत्तरच देता येईना. ती नुसता हात हलवत बसली. पहारेकरी बिचारा कर्तव्यदक्ष. त्याने ‘लिफ्ट बंद आहे’ची पाटी शोधून काढली आणि दाराला अडकवली.

तिच्या हे लक्षात आलं, तेव्हा पहिलं बिऱ्हाड गाद्या डोक्यावर घेऊन दुसऱ्या मजल्यावर पोचलं होतं, आणि ती लटपटत्या पायांनी त्यांना हाका मारत पुन्हा जिना चढत होती.