थोरल्या जावयाच्या पेट्या

माझ्या साडूंचा मी जन्मभर हेवा केला, आणि त्यातला निम्मा तरी रास्त होता असं मला अजून वाटतं. साडू म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. जळगाव जामोदला त्यांची संत्र्याची बाग, दारात जीप, आणि स्वतः उंचेपुरे, हसतमुख. मी जानेफळच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर. दोघांची सासुरवाडी एकच, धाड. पण तिथं सासरे त्यांना ‘बापू’ म्हणायचे आणि मला ‘मास्तर’. जावयाला बापू म्हणायची आमच्याकडे रीतच आहे. मग ती रीत माझ्यापर्यंत येता येता कुठं अडकते, असं मी बायकोला लग्नाच्या वर्षापासून विचारत आलो.

“तुमी घरचे हाये म्हनून,” ती म्हणायची.

घरचं असणं म्हणजे काय, ते धाडला गेलं की कळायचं. बापू आले की बैठकीत नवी चादर, टेकायला लोड, पाय धुवायला पाणी. मी आलो की, “बरं झालं मास्तर आले. पंखा लय आवाज करून राह्यला, पाहा बरं जरा.” पिशवी खाली ठेवायच्या आधी माझ्या हातात पेचकस असायचा.

त्या घरात मला हवी अशी एकच गोष्ट होती. सासऱ्यांचा मावसभाऊ जहाजावर नोकरीला होता. त्यानं परदेशातून रेकॉर्ड प्लेअर आणि आवाजाच्या दोन लाकडी पेट्या आणून दिलेल्या. गुडघ्याला लागतील एवढ्या उंच, पुढं जाळीदार कापड, आत काळा कागदी कोन. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी त्यांच्यापुढं बसलो आणि डग्ग्यावरची थाप माझ्या छातीत वाजली. जानेफळच्या खोलीत माझ्याकडे रबर लावून बांधलेला ट्रान्झिस्टर होता. त्या दिवसापासून त्या पेट्यांवर माझा जीव जडला. त्या मला हव्या होत्या, आणि सासऱ्यांनी आपण होऊन दिलेल्या हव्या होत्या.

तसं तर सासुरवाडीत मागावंही लागत नाही. जावयानं एखादी वस्तू चांगली म्हटली की निघताना ती त्याच्या सामानात येते. पण तेही मागणंच की. म्हणून मी धाडच्या घरात कशालाच चांगलं म्हणत नसे. बापूंना मात्र सगळंच चांगलं वाटायचं. लोणच्याला छान म्हणाले, बरणी गेली. गोठ्यातल्या कालवडीच्या पाठीवरून कौतुकानं हात फिरवला, पुढच्या आठवड्यात कालवड गेली. माणूस मनानं वाईट नव्हता, हेच जास्त झोंबायचं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना उन्हाळ्यात आला. या अधिक महिन्यात लेकी-जावयांना बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे, कपडे आणि एखादं भांडं द्यायचं. शाळेला सुट्टी होती, म्हणून आम्ही बरेच आधी धाडला पोचलो. बापू जेवणाच्या दिवशीच येणार होते, जीपनं.

“मास्तर,” सासरे म्हणाले, “पेट्या फाटक्या आवाजात बोलून राह्यल्या. काय झालं त्याइले?”

मी जाळी काढली. कोन आणि भोवतालची लोखंडी चौकट यांना जोडणारी फोमची एक मऊ गोल पट्टी असते. तिच्यावरच कोन पुढंमागं हलतो. धाडच्या उन्हाळ्यांनी ती पट्टी खाऊन टाकली होती. बोट लावलं तर काळा चिकट भुगा हाताला आला. दुसऱ्या पेटीचीही तीच गत.

तसा फोम बुलढाण्यातही मिळाला नसता. मी सायकलची ट्यूब कापून पाहिली, ती जड, कोन हलेचना. रेग्झिन कडक निघालं. शेवटी सासूबाईंनी धुऊन धुऊन मऊसूत झालेलं एक जुनं लुगडं काढून दिलं, पण कुरकुरत.

“जवायाच्या हातून अशे कामं कोनी करून घेते काय?” त्या सासऱ्यांना म्हणाल्या.

“हे कुठी जवाई हायेत? हे मास्तर हायेत,” सासरे म्हणाले आणि हसले. मला काही हसू आलं नाही.

कापडावर आधी ताट आणि मग त्याच्या मध्यावर ताटली पालथी घालून मी पेन्सिल फिरवली, आणि मधला गोल कापून काढला. पंक्चरच्या दुकानातून सोल्यूशन आणून कापडाला पातळ हात दिला, म्हणजे त्यातून हवा जाऊ नये. मूळच्या पट्टीला फुगवटा होता. तो यावा म्हणून परातीत पावडर भुरभुरली, सुतळीचा वेढा ठेवला आणि ओलं कापड त्यावर दाबून वाळवलं. जुना भुगा ब्लेडनं खरवडून पेट्रोलनं पुसला. मग पट्टी कोनाला चिकटवली आणि सगळ्यात शेवटी चौकटीला. यात कोन अगदी मध्यावर बसावा लागतो. जरा सरकला की आतली तारेची गुंडाळी चुंबकाला घासते आणि खरखर येते. दोन्ही हातांच्या बोटांनी कोन अलगद दाबायचा आणि कान लावून ऐकायचं. घासला की सोडवायचा, पुन्हा बसवायचा.

सासरे रोज पाट घेऊन माझ्याजवळ बसायचे. हातात विडीही नाही, बोलणंही नाही, नुसतं पाहणं. ते दिवस मला फार आवडले. बापू घरात नव्हते आणि सासरे माझ्या एकट्याचे होते. मी काम उगाच जरा लांबवलंसुद्धा.

पट्ट्या पक्क्या वाळल्यावर रेकॉर्ड लावली. सासऱ्यांनी डोळे मिटले. एक बाजू संपेपर्यंत ते तसेच ऐकत होते. मग म्हणाले, “मास्तर, तुमच्या खोलीवर लाईट बराबर येते काय?”

मी लगेच म्हणालो, “येते ना, मामाजी.”

“जागा?”

“जागाही हाये.”

“मंग कशा वाटल्या तुमाले पेट्या?”

आता चांगल्या म्हटलं असतं तर ते तोंड वेंगाडणं झालं असतं. शिवाय आपल्या हातच्या कामाला आपणच कसं चांगलं म्हणायचं? मी म्हणालो, “डावी अजून जराशी घासते. कोनही जुने झाले. किती दिवस टिकतीन, काही सांगता येत नाही.”

सासरे नुसतं ‘हं’ म्हणाले. मला वाटलं, माझा निरिच्छपणा पाहून ते खूश झाले. जेवणाच्या दिवसापर्यंत मी जानेफळच्या खोलीतला पलंग मनातल्या मनात खिडकीकडे सरकवून ठेवला होता, कारण पेट्यांना समोरची भिंत लागणार होती.

बापू आले. पाय धुतले, लोडाला टेकले, सगळ्यांची विचारपूस केली. माझीही केली, ते नाकारता येणार नाही. आम्हा दोघांना शेजारी शेजारी पाटावर बसवून ओवाळलं. बैठकीत रेकॉर्ड वाजत होती. दुसऱ्या धोंड्यावर तूप घेता घेता बापूंनी मान डोलावली आणि म्हणाले, “मामाजी, पेट्या काय झ्याक वाजतात हो.”

एवढंच. त्यांनी पेट्यांकडे मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. पुढचं सगळं मला तिथंच दिसलं, आणि तसंच झालं. हात धुऊन होतात न होतात तोच सासरे म्हणाले, “बापू, पेट्या तुमी घेऊन जा. प्लेअर बी न्या, तो एकटा इथं काय करते?” बापू ‘अहो कायले, कायले’ म्हणाले आणि घेतल्या. मला शर्टपीस, पँटपीस आणि पितळी तांब्या मिळाला.

“मास्तर, जीपमधी तुमीच ठेवा,” सासरे म्हणाले. “बापूले त्यातलं काही समजत नाही.”

मी ठेवल्या. खाली गोधडी, मध्ये गोधडी. कुठली तार कुठं लावायची तेही बापूंना समजावून सांगितलं, आणि ते हो हो म्हणत जीपच्या आरशात केस सारखे करत होते. परतीच्या एस.टी.त मी खिडकीकडे तोंड करून बसलो. चिखलीला ती म्हणाली, “एक शब्द टाकाले काय होत होतं तुमाले?”

“शब्द टाकून घ्यायच्या असत्या तर बाजारातून नसत्या आणल्या?” मी म्हणालो. त्या बाजारात नव्हत्या, आणि असत्या तरी मला परवडल्या नसत्या, हे तिलाही माहीत होतं.

पुढं बापूंच्या धाकट्या मुलाच्या बारशाला आम्ही जळगाव जामोदला गेलो. पेट्या बैठकीत होत्या. दिवाणाच्या दोन्ही बाजूंना एक एक, वर क्रोशाचे रुमाल, एकीवर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी, दुसरीवर पानाचा डबा. तारांना मी जीपमध्ये ठेवताना मारलेली गाठ तशीच होती. पाहुणे जेवायला उठले तेव्हा मी जाळी जरा बाजूला करून कोन दाबून पाहिला. अलगद आत गेला, अलगद बाहेर आला. डावा आता घासतही नव्हता. सासूबाईंच्या लुगड्याचा हिरवा रंग तसाच होता. इतकं नीट काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही, आणि ते पानाचा डबा ठेवायच्या कामी आलं होतं.

बापू मागं उभे होते. “न्या बुवा मास्तर तुमी. जागा अडते नुसती. जीपमधी टाकून पोचवून देतो जानेफळले,” ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

नुसतं हो म्हणायचं होतं. मी म्हणालो, “आमच्याकडं व्होल्टेज येत नाही.” नको असलेली वस्तू बापूंनी मला द्यावी, आणि मी ती घ्यावी? आजही कुणी विचारलं तर मी तेच सांगीन.

त्यानंतर धाडला गेलो तेव्हा सासरे ओसरीवर खाटेवर पडून होते. उशाशी लहानसा रेडिओ होता, तोही बंद. मी बसलो तसं त्यांनी विचारलं, “जळगावले गेले होते म्हने. पेट्या कशा वाजतात?”

“मस्त वाजतात,” मी म्हणालो. “बापू रोज लावतात.”

त्यांना बरं वाटलेलं दिसलं. जरा वेळानं कुशीवर वळून ते म्हणाले, “मास्तर, खरं सांगा. तुमाले पाह्यजे होत्या काय त्या?”

मी मान हलवली. “नाही हो, मामाजी.”

“तेच म्हनलं मी तुमच्या सासूबाईले. ती म्हने, मास्तराइले द्या, मास्तराइचा जीव हाये त्याच्यात. म्या म्हनलं, हाव, देऊन बी टाकत होतो. पन इचारलं तं मास्तर नावंच ठेवत बसले.”