दादाचं खारींचं औषध

माझा दादा चाळीस वर्षं कंपाउंडर होता. एकच डॉक्टर, एकच स्टूल. तेव्हा पातळ औषध बाटलीत भरून द्यायचे आणि बाटलीला कागदाची पट्टी कातरून चिकटवायचे. एक खाच म्हणजे एक डोस. दवाखाना बंद झाला तरी दादाची सवय काही गेली नाही. घरात तेलाच्या बाटलीला पट्टी, फिनेलच्या बाटलीला पण पट्टी. वहिनी म्हणायची, एक दिवस मलाही चिकटवतील.

वहिनी गेली आणि हा माणूस गप्पच झाला. मी एकटीच होते, म्हणून त्याच्याकडे राहायला आले. दिवसभरात दोनच शब्द बोलायचा, हो आणि नको. मला त्याची भीती वाटायला लागली. त्याची म्हणजे, तो स्वतःला काही करून घेईल याची. सकाळी लाँड्रीत इस्त्रीला निघताना मी मुद्दाम काहीतरी विचारायचे, भाजी कुठली आणू, किल्ली कुठंय. आवाजावरून कळायचं आज कसा आहे. नुसती मान हलवली की माझा सगळा दिवस गेला. एकदा अशीच विचारात उभी राहिले आणि कुणाच्या तरी शर्टाच्या पाठीवर तपकिरी त्रिकोण उठला. मालक काय काय बोलला ते सांगत नाही.

मग खारी आल्या. घरामागे वहिनीने लावलेला पेरू आणि डाळिंब. पेरू धरले की खारी हजर. एक पेरू घे, पूर्ण खा, आमचं काही म्हणणं नाही. पण नाही. एक चावा घ्यायचा आणि टाकून द्यायचं, सासरकडच्या पाहुण्यांसारखं. एक दिवस दादा आपणहून बोलला, "बारके, जुना पत्रा कुठंय गं?" मी हातातलं काम टाकून पत्रा शोधला.

पत्रा त्याने खोडाला गोल गुंडाळला, म्हणजे खारीचे पाय घसरतील. तर त्या भिंतीवरून उड्या मारायला लागल्या. त्याने भिंतीकडची फांदी कापली. मग मी लाँड्रीतून फाटके जाळीचे पडदे आणले, शेजारच्या शिवणवालीने त्यांच्या पिशव्या शिवून दिल्या, एकेका पेरूला एकेक. त्या पण कुरतडल्या. मग त्याने मिरची, लसूण आणि साबण उकळून पाणी केलं, झाडावर मारायला. घरभर ठसका. मी म्हटलं, "दादा, खारींच्या आधी मीच जाणार." तेव्हापासून तो ते मागे अंगणात उकळायचा आणि दाराला बाहेरून कडी घालायचा. बाटल्यांना पट्ट्या होत्याच. एक खाच, एक फांदी. तो त्याला डोस म्हणायचा.

त्या दिवशी मी दुपारी घरी आले. शिवणवाली खिडकीत मशीनवर. दातात टाचणी धरून म्हणाली, "अगं, तुझ्या दादाने आज सगळं औषध एकदमच घेतलं बघ. म्हणाला, रोज रोजची कटकट नको."

औषध घेतलं असं कुणी म्हटलं की आपल्याला काय वाटतं ते तुम्हाला माहीत आहे. मला ते तिखटाचं पाणी आठवलंच नाही. माझ्या हातातली पिशवी कुठे पडली ते पण कळलं नाही.

घरात दादा नाही. मागच्या दाराला बाहेरून कडी. मी दार बडवलं. "दादा! अरे दादा!" खिडकीतून बघितलं तर शिडीखाली त्याच्या चपला, नीट जोडीने ठेवलेल्या. माणूस नाही. मी स्टुलावर चढले आणि खिडकीतून अंगणात उतरले, या वयात. उतरले काय, पडले. कोपर सोलून निघालं.

वरून आवाज आला, "बारके, खिडकीतून काय येतेस? दार होतं की."

तो पेरूवर बसला होता. नाकाकानाला फडकं बांधलेलं, हातात पिचकारी, डोळे लालबुंद.

"कडी तू घातलीस, मेल्या!" मोठ्या भावाला मी जन्मात पहिल्यांदा मेल्या म्हटलं. आणि तिथेच मातीत बसून रडायला लागले.

तो खाली उतरला. मी शिवणवाली काय म्हणाली ते सांगितलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. फडकं सोडून हातात घेऊन बसला.

"आणून ठेवलं होतं," म्हणाला. "ती गेली त्या महिन्यात."

"कुठंय?"

"ओतून टाकलं."

"का नाही घेतलंस मग?"

"पेरू धरले. म्हटलं, तिचं झाड, खारींच्या हाती कसं द्यायचं. एवढे उतरले की बघू."

"आणि उतरले तेव्हा?"

"तोवर डाळिंबाला फळ आलं."

ओतून टाकलं म्हणाला, पण माझा विश्वास बसेना. तो न्हाव्याकडे गेला की मी घर शोधायचे. पट्टी असलेली प्रत्येक बाटली उघडून वास घ्यायचे. आणि झाडावरची फळं कमी व्हायला लागली की मी ती रोज मोजायचे. मी जाऊन लिंबाचं रोप आणलं, अंजीर आणलं, म्हणजे बारा महिने काहीतरी लटकत राहील. आणि आता सांगते, कुणाला बोलले नव्हते, पत्र्याचा एक खिळा मीच ढिला केला. खारी चढायला तर हव्याच होत्या. सकाळी त्याची आरडाओरड ऐकू आली, "चढली बघ, चोरटी! हिच्या आयला!" की मी सुखाने कामाला जायचे.

असं वर्षभर चाललं.

यंदा थंडीत लाँड्रीत मालकाच्या फोनवर फोन आला, तुमच्या भावाला दवाखान्यात आणलंय. त्या आठवड्यात झाडावर एक फळ नव्हतं. अंजीर अजून गुडघ्याएवढंच होतं. बसमध्ये मी उभीच होते, बसायला जागा होती तरी.

डॉक्टर पोरसवदा होता. मान खाली घालून म्हणाला, "उशीर झाला, आजी."

मी म्हटलं, "काय घेतलं होतं त्याने?"

"कोणी काय घेतलं?"

"माझ्या दादाने. काय घेतलं होतं?"

"काही नाही हो. हार्ट बंद पडलं. न्हाव्याच्या खुर्चीत बसले होते, अर्धी दाढी झाली होती. न्हावीच घेऊन आला."

"नीट बघितलंत? नक्की?"

"नक्की, आजी."

मग मी बाकावर बसले आणि रडले. न्हावी पाणी घेऊन आला, त्याच्या हाताला अजून साबण होता. म्हणाला, "रंग लावू का विचारलं, तर म्हणे लाव, अंजिराला फळ येईपर्यंत तरुण दिसलं पाहिजे." सांगायला लाज वाटते, पण त्या रडण्यात मला बरं वाटत होतं. दादा आपणहून गेला नाही. त्याला न्यावं लागलं.