दोन भाकरी जास्तीच्या

उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन मी दोनदा पुढं ढकललं. पहिल्यांदा डॉक्टरांना सांगितलं, घरात लग्न आहे. दुसऱ्यांदा सांगितलं, शुगर वाढलीय. दोन्ही खोटं होतं. खरं कारण शेजारच्या घरात राहत होतं. त्यांचं वय ब्याऐंशी होतं आणि त्यांना माझ्याशिवाय जेवायला घालणारं कुणी नव्हतं.

मी श्रीरामपूरला एका दवाखान्यात नर्स होते. निवृत्त झाले, पुढं नवरा गेला, मुलगी पुण्याला नोकरीला लागली. शेजारचे काका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचा मुलगा परदेशात. आम्ही ख्रिस्ती, ते ब्राह्मण, पण मधल्या भिंतीवरून वाट्यांची देवाणघेवाण पंचवीस वर्षांची. काकू गेल्या तेव्हा मी त्यांच्या उशाशीच होते. शेवटच्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "यांना चहासुद्धा करता येत नाही गं." बाकी काही म्हणाल्या नाहीत, पण मला काय ते समजलं. तेव्हापासून रोज सकाळी त्यांचं ताट माझ्या ओट्यावरून जायचं. काका फुकट काही घेणारे नव्हते. माझी लाइटबिलं, पेन्शनचा हयातीचा दाखला, घरपट्टीचा अर्ज, सगळं तेच बघायचे. मला ते अजूनही 'सिस्टर' म्हणतात.

तिसऱ्यांदा गुडघ्यानं ऐकलं नाही. न्हाणीघराच्या उंबऱ्यावर मी अडकले ती अर्धा तास तिथंच. मुलगी पुण्याहून आली आणि तिनं मला न विचारता नगरच्या दवाखान्यात तारीख घेतली.

आता काकांचं काय, हा प्रश्न होता. मशिदीच्या मागच्या गल्लीत मुस्लिम समाजाचं एक सेंटर आहे. खाली हॉल, वर शिवणक्लास आणि अभ्यासिका. लॉकडाऊनमध्ये तिथून एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना डबे जायला लागले. लॉकडाऊन उठला तरी म्हातारी माणसं एकटीच राहिली, म्हणून डबेही चालू राहिले. कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं, असं काही विचारत नाहीत. स्वयंपाकात मटण-मासे नसतात, सगळ्यांना चालावं म्हणून. हे सगळं सांभाळणाऱ्या बाई उर्दू शाळेच्या निवृत्त हेडमिस्ट्रेस. सगळं गाव त्यांना आपा म्हणतं. महिन्यातून एकदा मी तिथं जाऊन सगळ्यांचं बीपी बघायचे, त्यामुळं ओळख होती.

मी काकांना सांगितलं, "दीड-दोन महिने मला उभं राहता येणार नाही. तुमचा डबा सेंटरमधून येईल."

"नको," ते म्हणाले.

"सगळं शाकाहारी असतं, काका."

"त्याचा प्रश्न नाही."

"मग कशाचा आहे?"

"मी दूध-पोहे खाईन. तुम्ही निवांत जा."

मला राग आला. मी जे समजायचं ते समजले आणि बोलूनही गेले, "माझ्या हातचं दोन वर्षं खाल्लंत. मग त्यांच्या हातचं का नको?" काकांनी दार हलकेच लावून घेतलं. त्यांनी ते आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी आपांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "अक्षर कसं आहे त्यांचं?"

"मोत्यासारखं. पण त्याचा काय संबंध?"

"येते मी संध्याकाळी."

आपा आल्या त्या डब्याची चार झाकणं पिशवीत घालूनच. काकांच्या टेबलावर त्यांनी ती मांडली. झाकणांवर कुणीतरी मार्करनं गिचमीड केली होती. एकावर 'मीठ कमी', एकावर 'साखर', एकावर 'दात नाहीत'. त्यातलं 'दात' आहे की 'भात' आहे हे कळायला मार्ग नव्हता.

"मागच्या आठवड्यात बीपीवाल्या आजींना खारट डाळ गेली," आपा म्हणाल्या. "त्या दोन दिवस झोपून होत्या. मला स्वच्छ लिहिणारं माणूस पाहिजे. सकाळी दहा ते अकरा. तुम्ही याल का?"

काकांनी एक झाकण उचलून चष्म्याजवळ धरलं. "हे 'दात' असं लिहितात?" ते म्हणाले, आणि मग, "येईन."

"मग जेवूनच जायचं."

काकांनी हातातलं झाकण टेबलावर ठेवलं. मग माझ्याकडं न बघता, आपांकडं बघून सांगायला लागले. चौदा वर्षांचे असताना ते नगरला शिकायला होते. वडील नव्हते. वार लावून जेवायचे, म्हणजे सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे आठवड्याचे सात दिवस सात घरांत. सहा घरं चांगली होती. गुरुवारच्या घरी मात्र सगळ्यांची जेवणं होईपर्यंत मागच्या पडवीत थांबावं लागायचं. तिथली बाई वाढताना विचारायची, "अजून हवंय का?" पण असं विचारायची की नाहीच म्हणावं.

"पहिला पगार झाला त्या दिवशी ठरवलं," काका म्हणाले, "की दानाचं अन्न पुन्हा खायचं नाही. सिस्टरना वाटलं, मी तुमच्या जातीधर्मावर जातोय. तसं नाही. सिस्टरच्या घरचं मी शेजारी म्हणून खातो. डबा म्हणजे मला परत तो गुरुवारच वाटतो."

माझी मान खाली गेली. आदल्या दिवशी बोललेलं वाक्य परत घेता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

आपा म्हणाल्या, "डबा नाही पाठवणार. तुम्ही काम करायला येणार, कामाच्या माणसांबरोबर पंगतीला बसणार. फक्त आमच्याकडं सतरंजीवर बसतात. गुडघे चालतील का?"

"खुर्ची असेल तर बरं होईल."

"खुर्ची आहे."

एवढ्यावर ते ठरलं. मी नगरला गेले ती मनावरचं अर्धं ओझं उतरवूनच गेले.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा मुलगी दोन महिन्यांची रजा काढून आली होती. काका रोज दुपारी खिडकीशी येऊन बातमी द्यायचे. "आज वांग्याची भाजी होती. तुमच्यापेक्षा तिखट." कधी म्हणायचे, "आज 'दात नाहीत'वाले तीन वाढले." चेहरा भरला होता त्यांचा. शर्टाला इस्त्री असायची. काकू असत्या तर हसल्या असत्या.

तीन आठवडे असे गेले आणि एका दुपारी ते खिडकीशी न थांबता सरळ आत आले, खाटेजवळच्या स्टुलावर बसले. सेंटरमधल्या भाकरीवाल्या मावशी मोरीत घसरल्या होत्या. उजवं मनगट मोडलं होतं.

ही साधी गोष्ट नव्हती. मावशी मिरजगावकडच्या, ज्वारीच्या मुलखातल्या. सकाळी सहाला दोन तवे ठेवून बसायच्या आणि साठ-सत्तर माणसांच्या भाकरी एकट्या थापायच्या. त्यांच्या हाताखालची बाई फक्त भाजून काढायची. आपांनी दुसरी बाई शोधली, पण ऊसतोडीचे दिवस होते, आणि एवढ्या भाकरी रोज थापायला कुणी तयार होईना. तीन दिवस नुसता भात चालला होता. शुगरच्या माणसांना तो चालत नव्हता आणि बाकीच्यांचं त्यानं पोट भरत नव्हतं. आपा म्हणत होत्या, महिनाभर एक दिवसाआड डबे द्यावे लागतील.

"एक दिवसाआड जेवायचं कसं?" काका म्हणाले. मग विचारलं, "सिस्टर, एका घरात रोज दोन भाकरी जास्तीच्या करायला किती वेळ लागतो?"

"तवा तापलेलाच असतो. पाच मिनिटं."

ते उठले. संध्याकाळी पाच वाजता त्यांना इस्त्रीचा शर्ट घालून, काठी घेऊन गल्लीत उतरताना मी खिडकीतून पाहिलं. पडतील म्हणून मी मुलीला मागं पाठवलं. पुढचं सगळं मला तिनं सांगितलं.

पहिल्या दोन घरांत रोजच्या दोन जास्तीच्या भाकरींना लगेच होकार मिळाला. तिसऱ्या घरासमोर एक गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. बाजारात त्यांचं दुकान आहे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काका, सेंटर त्यांचं. त्यांनी बघावं. आपण कशाला त्यात?"

काका म्हणाले, "तिथं मी जेवतो."

मुलगी म्हणाली, ते हे मोठ्यानं बोलले नाहीत, रागानंही नाही. पत्ता सांगावा तसं सांगितलं.  आतून दुकानवाल्यांची बायको हात पुसत दारात आली. "किती वाजता लागतील?"

"साडेदहाला सेंटरची रिक्षा येईल."

"मग मी दहालाच करून ठेवते."

पुढच्या एका घरातली सून संकोचून म्हणाली, "आमच्यात भाकरी कुणाला येत नाही, पोळ्याच असतात." काका म्हणाले, "पोळ्यांना दात कमी लागतात. बरंच झालं."

तीन संध्याकाळी ते असे फिरले. आमची गल्ली झाली, चर्चच्या बाजूची कॉलनी झाली, बाजाराच्या मागची घरं झाली. मी खाटेवरून चर्चमधल्या बायकांना फोन लावत होते. त्यांनी रविवारी प्रार्थनेनंतर सगळ्यांना थांबवून सांगितलं. देवळाली प्रवऱ्याच्या एका शेतकऱ्याची म्हातारी आई श्रीरामपुरात एकटी राहते आणि तिचा डबा सेंटरमधून जातो. त्यानं ज्वारीचं पोतं आणि मेथीच्या जुड्या आणून टाकल्या. दारोदार फिरणारे काका मात्र परत आले की खिडकीशी न थांबता सरळ घरी जायचे. एकदा मी हाक मारून विचारलं, "अवघड जातंय का?"

"पहिल्या दाराला गेलं," ते म्हणाले. "मग कळलं, मागायचं आपल्यासाठी नसलं की जीभ अडखळत नाही. थोडं आपल्यासाठीही आहेच म्हणा."

सोमवार हा भाकरी गोळा करायचा पहिला दिवस. सकाळी मी वॉकर धरून कशीबशी व्हरांड्यात येऊन बसले.  दवाखान्यात आयुष्य गेल्यामुळं मला एक माहीत आहे, की तोंडावर हो म्हणणारी माणसं रक्तदानाच्या दिवशी दिसत नाहीत. मुलीनं जन्मात पहिल्यांदा भाकरी थापल्या होत्या. एक जरा गोल होती. रिक्षा आली, टोपलीत त्या दोन पडल्या, रिक्षा पुढं गेली. कोपऱ्यावरून वळल्यावर दिसेनाशी झाली. आपांचा फोन लागेना. साडेअकरा झाले, बारा झाले. दुकानवाल्यांच्या घरासमोर रिक्षा थांबली होती की नाही, हेही मला बसल्या जागेवरून दिसलं नव्हतं.

एक वाजता काका आले. नेहमीच्याच हळू चालीनं. फाटक उघडलं, लावलं, कडी घातली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते.

"सिस्टर," ते म्हणाले, "भाकरी उरल्या."

माझी पाठ खुर्चीला टेकली. सकाळपासून ती टेकलीच नव्हती, हे तेव्हा कळलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. भाकरी फडक्यात बांधून आल्या होत्या, केळीच्या पानात आल्या होत्या, कुणी बरोबर ठेचा दिला होता, कुणी लोणी. मावशी प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून टोपल्यांपाशी बसल्या होत्या आणि एकेक भाकरी उलटून बघत होत्या. "ही कुनाची? लई जाड हाय. पीठ मळलंच न्हाई नीट हिनं." मग दुसरी उचलून, "ही बगा. अशी पायजे." शेवटी म्हणाल्या, "आमी इतकी वर्सं एकल्यानं केलं. एवढी मानसं हुती व्हय गावात." आणि डोळ्याला पदर लावला. उरलेल्या भाकरी त्यांनी चुरून फोडणीला टाकायला लावल्या. त्याही संपल्या.

पुढं काही दिवस कमी-जास्त झालं. एका बुधवारी फार थोड्या आल्या, तेव्हा आपांनी भाताचा टोप चढवला. पाडव्याला चर्चच्या कॉलनीतून इतक्या आल्या की रिक्षाला दोन फेऱ्या झाल्या. पण एक दिवसाआडची वेळ आली नाही. मावशींचं प्लास्टर निघालं. हातात पूर्वीचा जोर राहिला नाही, म्हणून आता त्या फक्त दात नसलेल्यांसाठी पातळ भाकरी करतात. बाकीच्या घरांतूनच येतात.

तिसऱ्या महिन्यात मी काठीवर पहिल्यांदा सेंटरला गेले. पायऱ्या चार आहेत. आपा वर उभ्या होत्या, पण त्यांनी हात दिला नाही. नर्सला हात दिलेला आवडत नाही, हे त्यांना माहीत असावं. मी पंगतीला खुर्ची घेऊन बसले. शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी मला विचारलं, कुणाच्या तुम्ही, कुठं राहता. मी सांगितलं. त्यांनी आपल्या ताटातली लिंबाची फोड माझ्या डाळीत पिळली आणि म्हणाल्या, "जेवा सावकाश."

घरी येऊन मी चार वाजेपर्यंत झोपले. जाग आली तेव्हा, पायऱ्या चढता आल्या का हे विचारायला पुण्याहून मुलीचे तीन फोन येऊन गेले होते.