पट्टीखालचा उजेड

आमच्या ह्यांना गॅरेजमध्ये सगळे ‘डॉक्टर’ म्हणतात. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगतात ना! तेच डोक्यात चढलंय. बिघाड झाला की चूक गाडी चालवणाऱ्याची, हे ठरलेलंच. आणि चकचकीतपणाचं वेड तर विचारूच नका. मी घासलेली पातेलीसुद्धा पुन्हा घासायला घेतात.

जावयाच्या जुन्या गाडीचं इंजिन ह्यांनी हौसेनं सगळं खोलून नव्यानं बांधून दिलं. थोड्याच दिवसांत गाडी परत आली. ऑइलचं झाकण उघडलं तर आत चहावरच्या सायीसारखा दुधाळ फेस. इंजिन थंड ठेवणारं पाणी, म्हणजे कूलंट, ऑइलमध्ये उतरत होतं.

“जावईबापू, गाडी तापली तरी दामटलीत ना?” हे अख्ख्या गॅरेजसमोर ओरडले. “इंजिन बांधायला अक्कल लागते, तशी गाडी चालवायलाही लागते!”

लेकीचं तोंड एवढंसं झालं. मला तर धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पाण्याचा घोटही न घेता दोघं निघून गेली.

मग ह्यांचा तपास सुरू झाला. रेडिएटरला पंप लावून दाब दिला. काटा उतरत गेला, पण खाली एक थेंब नाही. म्हणजे गळती आतच. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, उतरवलं, तर त्याखालचं सांधा घट्ट मिटवणारं गॅस्केट धड, कुठेही जळल्याची खूण नाही. गाडी तापलीच नव्हती.

मी डबा घेऊन गेले तेव्हा हे हेडवर पोलादी पट्टी आडवी धरून वाकले होते. पाण्याच्या आणि ऑइलच्या भोकांच्या मधे एका जागी पट्टीखालून उजेड येत होता. तिथेच गोल गोल ओरखडे. जुनं गॅस्केट खरवडताना ह्यांनी मशीनवर खरखरीत चकती लावून हेड आरशासारखं चमकवलं होतं, आणि मऊ ॲल्युमिनियमला खळगा पडला होता. तिथूनच पाणी ऑइलमध्ये शिरत होतं. असं दुसऱ्या कुणी केलं असतं तर ह्यांनी त्याला गॅरेजबाहेर काढलं असतं. मला बघताच ह्यांनी हेडवर फडकं टाकलं.

“माझ्यापासून काय लपवताय?” मी म्हणाले. “लेकीला बोलवा.”

दुसऱ्या दिवशी दोघं आली. ह्यांनी सगळ्या कामगारांना जवळ बोलावलं. हे तोंड उघडणार, एवढ्यात जावईच म्हणाला, “बाबा, गॅस्केटच खराब निघालं असेल. होतं असं.”

बिचाऱ्यानं सुटायला वाट करून दिली, आणि तीच ह्यांना जास्त झोंबली.

“गॅस्केट चांगलं आहे. खळगा मी पाडला आणि बोल तुम्हाला लावला.” ह्यांनी जावयाचं बोट धरून त्या जागेवर फिरवलं. “लागतोय हाताला?”

“नाही हो, बाबा.”

“मलाही नव्हता लागला. आता पट्टी ठेवून बघा.”

“राहू द्या ना.”

“बघा!”

जावई वाकला. पट्टीखालून बघत हळूच म्हणाला, “दिसतोय उजेड.”

लेकीनं पुढे होऊन हात पुसायचं फडकं दिलं. ह्यांनी हात पुसलेच नाहीत. त्या तेलकट फडक्यात तोंड झाकून घेतलं.