बर्फाच्या मशीनचा कोट

जावयानं पाडव्याला आम्हाला बर्फाचं मशीन दिलं. आमच्या घरात कुठलीच वस्तू उघडी राहत नाही. रिमोट प्लास्टिकमध्ये, मिक्सर झबल्यात. लेकीच्या लग्नातलं हिमरूचं कापड उरलं होतं, त्याचा बायकोनं मशीनला अंगाबरोबर कोट शिवला. झाकणापुरती आणि बटणांपुरती तेवढी खिडकी ठेवली. मी तिचं तोंड भरून कौतुक केलं.

यंदा धोंड्याचा महिना भर मे महिन्यात आला. रविवारी जावई जेवायला येणार, आणि शनिवारी मशीननं मान टाकली. घरघर चालू, बर्फाचा पत्ता नाही. मी टाकी घासली, प्लग बदलला, माठातलं पाणी ओतून पाहिलं, शेवटी दोन चापट्याही मारल्या. मग डोकं फिरलं आणि मी जालन्याला लेकीला फोन लावला.

"तुझ्या नवऱ्यानं सेलमधलं भंगार गळ्यात मारलं माझ्या!"

लेक हळूच म्हणाली, "बाबा, फोन स्पीकरवर हाय. हे इथंच बसलेत."

मी फोन ठेवला. बायको अनारसे तळत होती. ती एवढंच म्हणाली, "जावई रुसले अन् आले नाय, तर तेहतीसच्या तेहतीस तुम्हीच खा."

पहिलाच धोंडा, आणि मी तोंडानं घाण करून ठेवली. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी गल्लीतल्या फ्रीजवाल्याला बोलावलं. त्यानं मशीनला हात लावला आणि माझ्याकडं बघतच राहिला.

"चाचा, मई के महिने में कोट पिनाए क्या इसको? गरम हवा बाजू से निकलती इसकी. दम घुट रा बेचारे का."

त्यानं कोट उतरवला, जाळीवरचा कापूस झटकला, मशीन थोडं गार होऊ दिलं. अर्ध्या तासात खडे पडायला लागले. बायको कोटाची घडी घालत म्हणाली, "धूळ बसू नाय म्हणून शिवला होता." तोंड भरून कौतुक तर मीच केलं होतं.

बाराला जावई आले. खांद्यावर बर्फाच्या लादीचं पोतं, शर्ट ओलाचिंब.

"बाबा, येताना वाटेत करमाडला मिळाला. मशीन मी बदलून देतो, पाहून घ्यायला पाहिजे होतं मीच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासऱ्यानं जावयाची माफी कशी मागायची, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. पण धोंड्याला जावयाचे पाय धुवायचे असतात, तेवढं माहीत होतं. मशीनमधला सगळा बर्फ मी तांब्याच्या घंगाळातल्या पाण्यात ओतला, जावयाला पाटावर बसवलं आणि खाली वाकलो. तिसऱ्या तांब्याला जावयानं पाय वर ओढला.

"बाबा, लई गार लागायलंय!"

"लागणारच," मी मान वर न करता म्हणालो. "मशीन चांगलंय तुमचं. तोंड माझं वाईट."