एकशे चाळीस वातींचा प्रवास

साधनाबाई अकरा वर्षं विमानात बसल्या नव्हत्या. मुंबईहून येताना एकदा वादळात विमान असं गदगदा हललं, की त्यांनी कानाला खडा लावला. जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या घरून पॅरिस, रोम सगळं रेल्वेने झालं. माहेरी, पुण्याला मात्र तिथून रेल्वे जात नाही. वडील गेले तेव्हा त्या फोनवरच रडल्या. चौऱ्याऐंशीची आई अजून वाट बघते आहे, हे शल्य रोज बोचायचं.

अशात लेकीचं, मैथिलीचं, डब्लिनला सिझेरियन ठरलं. तेही परवा सकाळी. रेल्वे आणि बोटीने दोन दिवस, म्हणजे बाळ आधी आणि आजी नंतर!

"आई, म्हणजे, नाही जमलं तर राहू दे," मैथिली फोनवर म्हणाली. लेकीने आशाच सोडली होती. साधनाबाईंच्या काळजात चर्र झालं.

"अहो, उद्याचं विमानाचं तिकीट काढा," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

जयंतराव मोटारींचे इंजिनिअर. कुठलीही गोष्ट मुळापासून समजावायची त्यांना भारी खोड. "अगं, अंतर साधारण अकराशे किलोमीटर. आता उंची धरली तर..."

"उंचीचं नावही काढू नका! निघायची आणि पोचायची वेळ तेवढी लिहून द्या."

चिठ्ठीवर आलं: निघणार दहा पाच, पोचणार अकरा पंधरा. एक तास दहा मिनिटं. साधनाबाई घड्याळ समोर ठेवून वाती वळायला बसल्या. लहानपणी आईने शिकवलेलं काम, हात अजून मिनिटाला दोन वाती वळत होता. एकशे चाळीस वातींचा कापूस त्यांनी पर्समध्ये भरला. कापूस संपला की डब्लिन!

विमान उठलं आणि त्यांनी मान खाली घातली. तळहातावर कापूस, मांडीवर वाती. धक्का बसला की वात जरा जाड व्हायची, एवढंच. एकशे चाळिसावी वळून त्यांनी मान वर केली. विमान उतरायचं नाव घेईना.

"पोचलो ना?" त्यांनी शेजारच्या जर्मन आजींना विचारलं.

"छे, अजून तासभर आहे. डब्लिनची घड्याळं आपल्यापेक्षा एक तास मागे असतात."

नवऱ्याला बोलू दिलं असतं तर! पण आता चूक स्वतःचीच, आणि डाफरायला तो माणूसही जवळ नव्हता. तेवढ्यात विमान हललं. ओरडावंसं वाटलं. पण उद्या सकाळी मैथिली एकटी आत जाणार नव्हती, म्हणजे नव्हती. देवापुढे एकटी वात लावू नये, आई सांगायची, जोडून लावावी. त्यांनी मांडीवरच्या दोन वाती उचलल्या आणि सावकाश पीळ दिला. मग आणखी दोन.

चाकं जमिनीला लागली तेव्हा तीन जोडवाती व्हायच्या होत्या. त्या पुऱ्या केल्या, मगच पट्टा सोडला.

दारात आईला बघून मैथिली लहान पोरीसारखी रडली. संध्याकाळी जयंतरावांचा फोन आला.

"कसा झाला प्रवास?"

"त्याचं आल्यावर बघते तुमच्याकडे. आधी सांगा, फ्रांकफुर्टहून मुंबई किती तास? घड्याळातले नकोत, खरे सांगा."

"साडेआठ. का गं?"

साधनाबाईंनी बोटांवर हिशेब केला.

"एक हजार वीस. कापूस आणून ठेवा. आणि आईला कळवा, दिवाळीला मी येतेय."